एकवीस पासपोर्ट, चार सातबारे आणि आमचा एजंट

आमच्या आर्किटेक्चर कॉलेजचे 19 विद्यार्थी आणि आम्ही दोघे शिक्षक 27 सप्टेंबर ते 6 ऑक्टोबर 2025 जर्मनीला जाऊन आलो. वायमार, देसाऊ, बर्लिन. बाउहाउस ही वास्तुकला आणि डिझाइनची शाळा 1919 साली वायमारला सुरू झाली, 1925 ला देसाऊला गेली आणि 1932 ला बर्लिनला जाऊन पुढच्याच वर्षी बंद पडली. आम्हीही त्याच क्रमाने फिरलो. फिरण्याबद्दल मुलं लिहितीलच. मी लिहितेय त्याआधीच्या पाच महिन्यांबद्दल, म्हणजे कोल्हापुरातल्या ज्या छोट्या एजन्सीकडे व्हिसा, तिकिटं आणि हॉटेलं सोपवली होती तिच्याबद्दल. नाव देत नाही. चांगलं-वाईट दोन्ही लिहायचंय, आणि मालकांची गाठ भाजी आणायला गेलं तरी पडते.

आधी चांगलं. दुकानात शिरलं की डाव्या हाताच्या टेबलावर एक ताई बसतात. या एजन्सीला पैसे द्यायचे ते या ताईंसाठी. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळे पासपोर्ट मागवून घेतले आणि एकेकाचं शेवटचं पान, मग पहिलं पान, मग कोरी पानं असं मोजत बसल्या. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत शिल्लक हवी, दोन पानं कोरी हवीत. दोघांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आणि अख्खं नाव वडिलांसकट पुढच्या रकान्यात. आपल्याकडे हे फार होतं. ताई म्हणाल्या, "मॅडम, आधारवर काय आहे ते विसरा. तिकीट, विमा, हॉटेल, सगळीकडे पासपोर्टवर आहे तस्संच." मग त्यांनी 21 नावांचा एक तक्ता केला, पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत छापलेल्या स्पेलिंगवरून. आमच्याकडच्या यादीत तीन स्पेलिंगं चुकलेली निघाली. त्यातलं एक माझं.

खरी कमाल केली ती पालकांच्या कागदांत. व्हिसाला खर्च करणाऱ्याचं उत्पन्न दाखवावं लागतं: बँकेचं स्टेटमेंट, आयटी रिटर्न. आमच्या चार मुलांचे वडील शेतकरी. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे रिटर्न कधी भरलेलंच नाही. मला घाम फुटला होता. ताईंनी शांतपणे सातबारा मागवला, कारखान्याची ऊसबिलं मागवली, सहकारी बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट मागवलं, सगळ्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं आणि वर एक पानी पत्र लावलं: यांचं रिटर्न का नाही, उत्पन्न कुठून येतं. गुंठ्याचं चौरस मीटरमध्ये रूपांतरसुद्धा केलेलं. चौघांचेही व्हिसे आले. पुण्या-मुंबईच्या मोठ्या ऑफिसात हे कुणाला सुचलं असतं का, मला शंका आहे.

फोटोंवरूनही त्यांनीच वाचवलं. 35 बाय 45 मिलिमीटर, मागे पांढरं. स्टुडिओवाल्याने प्रेमाने सगळ्या पोरांचे चेहरे उजळून दिले होते, एकाचा तीळही गायब. ताईंनी गठ्ठा तसाच परत पाठवला.

आता मालक. माणूस गोड, प्रत्येक वाक्याला "मी हाय की मॅडम". पण पैशाचा विषय निघाला की त्यांचं आणि माझं गणित जुळेना.

पहिल्या कोटेशनमध्ये व्हिसा फी म्हणून माणशी 90 युरो धरले होते. शेंगेन व्हिसाची, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाची, फी तेवढीच आहे, जून 2024 पासून. पण शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना ती माफ आहे, हे नियमातच लिहिलेलं आहे. मी विचारलं तर म्हणाले, "असं काही नसतंय मॅडम, आम्ही रोज पाठवतोय." रोज पाठवत असतील, पण फिरायला जाणाऱ्यांना. मी नियमाची प्रिंट काढून टेबलावर ठेवली, प्राचार्यांच्या सहीचं पत्र आणि दिवसवार अभ्यासाचा कार्यक्रम जोडला. 1890 युरो वाचले. व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क मात्र भरावं लागतं, ते वेगळं. ग्रुप घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी एवढी एक गोष्ट तरी लिहून ठेवा.

दुसरं प्रकरण टीसीएसचं, म्हणजे विकणाऱ्याने बिलातच गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारकडे भरायच्या आगाऊ आयकराचं. परदेशी टूर पॅकेजवर त्या वर्षी 10 लाखांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 20 टक्के टीसीएस होता. माणशी 1 लाख 85 हजार, म्हणजे प्रत्येकाला 9,250 रुपये. मालकांनी काय करावं? सोयीचं म्हणून एकच बिल फाडलं, माझ्या पॅनवर! 38 लाख 85 हजारांचं बिल, आणि त्यावर टीसीएस सव्वासहा लाखांच्या वर. मी ते बिल हातात घेऊन चक्क हसले. दुसरं काय करणार. त्यानंतर पंधरा दिवस भांडून प्रत्येक पालकाच्या नावाने वेगळी बिलं करून घेतली. तरीही ते चार शेतकरी पालक अडकलेच: कापलेले 9,250 परत हवेत तर आता रिटर्न भरायला हवं, आयुष्यातलं पहिलं. हे आधी सांगितलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती.

तिसरं, कॅलेंडर. आम्ही पोचलो 28 ला, रविवारी. 3 ऑक्टोबर हा जर्मनीचा एकीकरण दिन, राष्ट्रीय सुट्टी. 5 ला पुन्हा रविवार. या तिन्ही दिवशी तिथली किराणा दुकानं बंद. आणि आमच्या छापील कार्यक्रमात 3 तारखेच्या रात्रीपुढे लिहिलेलं: "जेवण स्वतः, जवळच सुपरमार्केट." सुपरमार्केट जवळच होतं, हे खरं. काचेतून आतली केळी दिसत होती.

त्या रात्री तारलं ते घरच्या डब्यांनी. डब्यांवरून निघण्याआधी मी पालकांची वेगळी सभा घेतली होती, कारण एजन्सीच्या यादीत फक्त "कोरडा खाऊ" एवढंच होतं. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे नाहीत, खवा नाही, तूप नाही. एक आजी म्हणाल्या, "तूप म्हणजे काय दूध असतंय व्हय?" मी काय सांगणार. सुकं खोबरंही काढायला लावलं; त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं, म्हणून चेक-इन बॅगेत चालत नाही. राहिलं काय, तर शेंगदाण्याची चटणी, भडंग, तेलातल्या दशम्या. 3 तारखेला हॉटेलच्या जिन्यात बसून भडंग खाल्लं. कांदा नव्हता.

आणि दसरा 2 ऑक्टोबरला. नवरात्रात अंबाबाईला सोडून कुठं चाललात, हे पाचही महिने ऐकून झालं होतं. एक मुलगा वहीत आपट्याची पानं दाबून घेऊन आला होता. ती विमानतळावर निघण्याआधी बसमध्येच काढून घेतली. झाडाची पानंसुद्धा परवान्याशिवाय नेता येत नाहीत. बिचारा हिरमुसला. देसाऊला बाउहाउसच्या त्या काचेच्या भिंतीसमोर मुलांनी ट्रेसिंग पेपरची पानं कापून वाटली. माझ्या वाट्याला आलेल्या पानावर कुणाच्या तरी सेक्शनची, म्हणजे इमारतीच्या छेदाच्या ड्रॉइंगची, अर्धी रेघ आहे.

बारीकसारीक: विमा किमान 30,000 युरोचा लागतो, तो त्यांनी नीट काढला. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, 100 वॉट-अवरच्या आत. 20,000 एमएएचची चालते. व्होल्टेज आपल्यासारखंच, पण आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही. एजन्सीने "फ्री" दिलेल्या अडॅप्टरांपैकी सहा पहिल्याच रात्री ढिले पडले. ते घेऊ नका.

पाचपैकी साडेतीन. पुढच्या खेपेला कागद ताईंकडेच देणार. बिलं आणि कार्यक्रम माझ्याकडे. मालकांना हे सांगून झालंय. ते म्हणाले, "मी हाय की मॅडम."