कुत्र्यासाठी कृत्रिम हिरवळ: दाखवली एक, अंथरली दुसरीच

नागपुरात कुत्रा पाळणाऱ्याच्या अंगणाला दोन ऋतू छळतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चार पायांनी थेट बैठकीत येतो, आणि उन्हाळ्यात रोज पाणी घालूनही लॉन एप्रिलपर्यंत पिवळे पडते. कुत्र्याच्या लघवीने त्यावर उमटणारे जळके डाग वेगळेच. आमच्या बंड्याने, म्हणजे सहा वर्षांच्या लॅब्रॅडॉरने, उरलेसुरले लॉनही उकरून काढल्यावर मी 20 बाय 20 फुटांच्या जागेत कृत्रिम हिरवळ बसवून घेण्याचे ठरवले. त्या व्यवहारात माझे 44,000 रुपये गेले. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे कंत्राटदाराचे नाव येथे देत नाही.

जानेवारीतील एका सकाळी त्याने दुकानात 40 मिलिमीटर उंचीच्या पात्यांचा मऊ, दाट तुकडा हातात दिला. त्यावर पेलाभर पाणी ओतले, ते क्षणात खाली गळून गेले, आणि तो म्हणाला, “काका, हे कुत्र्यांसाठीच बनवलेले आहे. उन्हात तापत नाही, वास येत नाही.” शिसे नसल्याचा प्रयोगशाळेचा अहवालही त्याने दाखवला. दरपत्रकात चौरस फुटाला 110 रुपये, खाली 4 इंच गिट्टी, तिच्यावर दाबून बसवलेली चुरी आणि पात्यांमध्ये भरण्यासाठी झिओलाइट, असे स्पष्ट लिहिलेले होते. झिओलाइट हे सच्छिद्र खनिज लघवीतील अमोनियम धरून ठेवते, एवढे मी वाचलेले असल्यामुळे तो शब्द पाहून मला माणूस जाणकार वाटला. जाणकार तो होताच.

काम दोन दिवसांत झाले, आणि ते दोन्ही दिवस मी कार्यालयात होतो. संध्याकाळी परतलो तेव्हा अंगण हिरवेगार दिसत होते. कंपनीच्या खात्याची दिवसाची मर्यादा संपली आहे, असे सांगून उरलेली निम्मी रक्कम त्याने मुकादमाच्या खात्यावर यूपीआयने घेतली आणि पक्के बिल ‘दोन दिवसांत पाठवतो’ म्हणाला. ते बिल आजपर्यंत आलेले नाही.

मार्च संपता संपता बंड्या दुपारी हिरवळीच्या कडेला येऊन थबकू लागला. आम्ही त्याला आळशी ठरवले. मे महिन्यात एकदा दाराची घंटा वाजल्यावर तो भुंकत फाटकापर्यंत धावत गेला आणि लंगडत परतला. पुढच्या दोन्ही पंजांच्या गाद्यांना फोड आले होते. शेजारी वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करतात, त्यांच्याकडील इन्फ्रारेड तापमापकाने दुपारी दीड वाजता मोजले तेव्हा हिरवळीचा पृष्ठभाग 68 अंश सेल्सिअस निघाला, आणि कडुनिंबाच्या सावलीतील उघडी माती 38. (करोनाच्या काळात घेतलेला कपाळावरचा तापमापक या कामाचा नाही, त्याची धाव ज्वरापर्यंतच.) जिवंत गवत पानांतून पाण्याची वाफ सोडते म्हणून ते थंड राहते, प्लॅस्टिकला ती सोय नाही. पाणी मारले की तापमान उतरते खरे, पण आमच्याकडे अर्ध्या तासात ते पुन्हा पूर्वपदावर येत असे, आणि नागपुरात उन्हाळ्यात दर अर्ध्या तासाला अंगण भिजवण्याइतके पाणी कोणाकडे असते?

त्याच सुमारास डोळ्यांना झोंबणारा वास सुरू झाला. लघवीतील युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात आणि द्रव खाली निचरून गेला नाही तर उष्णतेत तो वास घरभर पसरतो. कंत्राटदाराने त्यावर 1,200 रुपयांचे ‘खास द्रावण’ विकले, ज्याचा वास थेट फिनाइलचा होता. पशुवैद्यांनी बाटली हुंगूनच ती बाजूला ठेवली. कुत्रा पंजे चाटतो, तेव्हा असले काही त्याच्या पायांखाली नको, असे त्यांनी बजावले.

शेवटी मी एक कोपरा उचकटला. खाली जेमतेम बोटभर मुरूम आणि त्याखाली आमचीच काळी माती होती. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि पाणी लवकर खाली सोडत नाही. गिट्टीचा थर हवा होता तो याचसाठी. पाठीवरची निचऱ्याची निम्मी भोके गोंदाने बुजलेली होती. झिओलाइटच्या जागी साधी वाळू होती. फूटपट्टी लावली तेव्हा पाती 25 मिलिमीटर भरली, आणि पाठीवर छापलेला क्रमांक अहवालातील क्रमांकाशी जुळत नव्हता. दुकानात पेल्यातील पाणी गळाले त्यात खोटे काही नव्हते. तो तुकडा त्याने हातात अधांतरी धरला होता, एवढेच माझ्या लक्षात आले नाही.

तक्रार केल्यावर “उन्हाला मी काय करू, काका?” हे उत्तर मिळाले. दहा वर्षांच्या हमीचे कार्ड नीट वाचले तर ती हमी केवळ रंग उडण्यापुरती होती, आणि पाळीव प्राण्यांमुळे होणारे नुकसान तिने बारीक अक्षरांत वगळलेले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवूनही तो बधला नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तेथे शुल्क लागत नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. बिल नसल्याने माझी बाजू अडखळते, पण व्हॉट्सअॅपवर आलेले दरपत्रक आणि यूपीआयच्या नोंदी मी पुसल्या नव्हत्या. पसंत केलेल्या नमुन्यावर त्याची सही घेऊन तो घरी ठेवला असता, तोच तुकडा दुपारी दोन वाजता गच्चीवर टाकून त्यावर स्वतःचा तळहात उलटा टेकवून पाहिला असता आणि गिट्टीची गाडी रिकामी होताना फाटकात उभा राहिलो असतो, तर या तीनही तपासण्या फुकटात झाल्या असत्या.

हिरवळ आता गुंडाळून भिंतीला लावली आहे. तिचा फूटभर तुकडा आणि पिशवीभर वाळू आयोगाला दाखवण्यासाठी कपाटात ठेवली आहे. बंड्याने कडुनिंबाखाली नवा खड्डा खणला आहे आणि दुपारभर तो त्यातच पडून असतो.