सेस्टसाठी ३ टेस्ला की ७ टेस्ला?

३ आणि ७ टेस्ला चुंबकक्षेत्राची दोन्ही एमआरआय मशीन हाताशी असतील तर सेस्ट (पाण्याशी जागा बदलणारे प्रोटॉन रेडिओलहरीने दाबून, म्हणजे सॅच्युरेट करून, पाण्याचा सिग्नल किती घटतो ते मोजणारं एमआरआय) कुठे करायचं? क्षेत्र जितकं मोठं तितकं बरं, असं म्हणून मी ७ टेस्लाकडे गेलो होतो. दीडेक वर्षाने बहुतेक कामासाठी ३ वर परत आलो. त्यामुळे पुढचं वाचताना माझा कल कुठे आहे हे लक्षात असू द्या.

७ ची बाजू भक्कम आहे, त्यात वाद नाही. १ पीपीएम (फ्रिक्वेन्सीचा दहा लाखांतला एक भाग) म्हणजे ३ वर साधारण १२८ हर्ट्झ, ७ वर २९८. अमाइड प्रोटॉन (प्रथिनांच्या साखळीवरचे) पाण्यापासून ३.५ पीपीएमवर बसतात. ३ वर हे अंतर जेमतेम ४५० हर्ट्झ, ७ वर हजाराच्या पुढे. शिवाय ७ वर पाण्याचा टी१ (दाबलेला सिग्नल पुन्हा सावरायला लागणारा वेळ) लांबतो, त्यामुळे साठवलेलं सॅच्युरेशन लवकर विरत नाही. कमी पॉवरवर घेतलेला ७ चा पहिला झेड-स्पेक्ट्रम (एकेका फ्रिक्वेन्सीला दाबल्यावर पाण्याचा किती सिग्नल उरतो त्याचा आलेख) पाहून मी खुर्चीत सरसावून बसलो होतो: ३.५ ला अमाइडची खळी, २ च्या आसपास आणखी एक, आणि पलीकडे उणे ३.५ ला एनओईचा (शेजारच्या प्रोटॉनमधून होणाऱ्या चुंबकीय देवाणघेवाणीचा) पसरट खोलगा. ३ वर त्याच जागी पाण्याच्या उतारावर एक खांदा दिसतो, तोही दाखवून दिला तर.

ग्लुटामेट मोजायचं असेल तर पुढचं वाचू नका, ७ वर जा. त्याचे अमाइन प्रोटॉन सेकंदाला हजारो वेळा जागा बदलतात. ३ वर फ्रिक्वेन्सीतलं अंतर त्या वेगाला पुरत नाही आणि सगळं पाण्यात मिसळून जातं.

उलट साधं एमटी (मॅग्नेटायझेशन ट्रान्सफर, मोठ्या रेणूंना बांधलेले प्रोटॉन दाबून पाण्यावरचा परिणाम मोजणं) हवं असेल तर एवढ्या क्षेत्राची गरजच नाही. बांधलेल्या प्रोटॉनचा टी२ (सिग्नल विरण्याचा वेळ) दहाएक मायक्रोसेकंदांचा, त्यांची रेषा मुळातच अनेक किलोहर्ट्झ पसरलेली. तिथे पीपीएम मोजत बसून काय मिळणार? १.५ वरही काम भागतं. (गंमत म्हणजे १९८९ च्या एमटीच्या पेपरवर आणि २००० च्या सेस्टच्या पेपरवर, दोन्हीकडे बालबन या संशोधकाचं नाव आहे.)

आता माझं दुखणं: बी१, म्हणजे सॅच्युरेशनसाठी सोडलेल्या रेडिओलहरीची ताकद. ७ वर ऊतींमधली रेडिओलहर बारा-तेरा सेंटीमीटरची, म्हणजे डोक्यापेक्षा आखूड. मधे पॉवर भरपूर, टेम्पोरल लोब आणि लहान मेंदू उपाशी. कन्सोलवर १ मायक्रोटेस्ला लिहिलेलं असतं, पण खाली कानाच्या पातळीवर तेवढं पोचतच नाही. आणि सेस्टचा आकडा बी१ वरच तर हलतो. एका निरोगी व्हॉलंटियरच्या एपीटी (अमाइडवरचं सेस्ट) नकाशात एका बाजूचा टेम्पोरल लोब फिका दिसला. आम्ही तिघं पडद्यासमोर बराच वेळ तर्क लढवत होतो. मग बी१चा नकाशा शेजारी उघडला. तोच डाग, तीच कड. दोघांवरची नावं झाकली असती तर कोणता कुठला ते सांगता आलं नसतं.

उपाय आहेत. बी१ मॅप घ्या, पूर्ण झेड-स्पेक्ट्रम दोन-तीन पॉवरवर पुन्हा घ्या आणि मधलं इंटरपोलेट करा. डोक्याशी डायइलेक्ट्रिक पॅड (रेडिओलहर सारखी पसरवणारी उशी) ठेवा. पॅरलल ट्रान्समिट (अनेक वाहिन्यांतून वेगवेगळी रेडिओलहर सोडण्याची सोय) असेल तर उत्तमच. पण प्रत्येक उपायाला मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात माणूस हलतो. त्यात एसएआर, म्हणजे शरीरात जिरणारी रेडिओ ऊर्जा. तेवढ्याच बी१ साठी तो ढोबळमानाने क्षेत्राच्या वर्गाने वाढतो, ३ वरून ७ वर सुमारे साडेपाच पट. सॅच्युरेशन जरा वाढवायला गेलात की कन्सोल टीआर (एका फेरीपासून पुढच्या फेरीपर्यंतचा वेळ) लांबवायला सांगतो. ज्यांच्याकडे दिवसभर शिमिंगला (क्षेत्र एकसारखं करायला) बसणारा फिजिसिस्ट आहे त्यांना हे एवढं जाचत नसेल कदाचित.

३ टेस्ला तरी कुठे निर्दोष आहे? थोड्या हर्ट्झचा ड्रिफ्टही पीपीएममध्ये मोठा दिसतो. डिफ्युजन स्कॅननंतर लगेच सेस्ट लावू नका, ग्रेडियंट कॉइल तापलेल्या असतात आणि फ्रिक्वेन्सी सरकत राहते. आमचा क्रम आता उलटा आहे. फॅट सप्रेशन नीट झालं नाही तर उणे ३.५ ची चरबी असिमेट्रीत (पाण्याच्या दोन बाजूंच्या सिग्नलमधल्या फरकात) घुसून कडेला खोटे डाग देते. पण मेंदूतल्या गाठींसाठी २०२२ मध्ये मान्य झालेली कृती, २ मायक्रोटेस्ला आणि २ सेकंद सॅच्युरेशन, ३ टेस्लासाठीच आहे. तिथे निरोगी मेंदू जवळपास शून्यावर राहतो आणि गाठ त्यातून उठून दिसते. शुद्ध अमाइडचा आकडा तो नाही, मान्य. पण पुढच्या महिन्यात तोच माणूस पुन्हा आला तर दोन नकाशे मी निर्धास्त शेजारी ठेवू शकतो. ७ वर असं ठेवताना मी आधी बी१ उघडायचो.

निर्णय घेण्याआधी एक करून पाहा: दोन्हीकडे एकाच व्हॉलंटियरला झोपवा, सेस्ट आणि बी१चे नकाशे एकाच विंडोत लावा, आणि फक्त टेम्पोरल लोबकडे बघा. माझी ७ वरची वेळ अजून आहे, आठवड्यातून एकदा, ग्लुटामेटसाठी. एपीटीचे रुग्ण मात्र शेजारच्या खोलीत जातात.