दांडिया बाजारात केबलवाल्याचं फायबर: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

इंटरनेटची जोडणी स्थानिक केबल ऑपरेटरची, फायबरवरची. वेग १०० एमबीपीएस, महिना ५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५९०. पैसे सहा महिन्यांचे आगाऊ. घर दांडिया बाजाराच्या आतल्या गल्लीत, जुनं, दोन मजली, दीड फुटी विटांच्या भिंतींचं. वापर ऑक्टोबर ते ऑगस्ट. दिवाळी, उत्तरायण (संक्रांतीचे पतंगांचे दिवस), उन्हाळा आणि पावसाळ्याचे मुख्य महिने या वायरीवरून गेलेत, म्हणून आता लिहितोय. बडोद्यात नेट घेऊन पंधरा दिवसांत मत देऊ नये. इथं वायरीची खरी परीक्षा जानेवारीत होते.

जोडणी चालू ठेवली आहे आणि आतल्या पेठांतल्या लोकांना सुचवेनही. पण कंपनीच्या नावावरून कोणी निवड करू नये. एकच कंपनी रावपुऱ्यात उत्तम चालते आणि वाडीत रडवते, कारण शेवटची दोनशे मीटर वायर आणि ती दुरुस्त करणारा माणूस दर गल्लीला वेगळा असतो. म्हणून प्लॅनचे कागद बघण्याआधी गल्लीत उभं राहून वर बघा.

वर तीन तऱ्हेच्या वायरी दिसतात. पेन्सिलीएवढी जाड, गोल, काळी आणि टोकाला आट्यांचा पितळी कनेक्टर असलेली ती जुनी टीव्हीची कोॲक्स. निळी किंवा करडी, आत तांब्याच्या आठ तारा असलेली ती लॅनची वायर. आणि चपटी, काळी, शेवयांपेक्षा थोडी जाड, जिच्यात केसाएवढी एक काच आणि आधाराला पोलादी तार असते ती फायबर.

यातली लॅनची वायर घरात येणार असेल तर सरळ नको म्हणा. तांब्यावर हा सिग्नल १०० मीटरच्या पुढे धड जात नाही, म्हणून ऑपरेटर कोणाच्या तरी अगाशीवर पत्र्याच्या डब्यात स्विच (एका लाइनीच्या अनेक वायरी करणारं यंत्र) बसवतो आणि त्या घरातूनच वीज घेतो. त्या घरचा फ्यूज उडाला की तुमचं नेट बंद, तुमच्याकडे इन्व्हर्टर असला तरी. शिवाय पहिल्या वळिवाला वीज कडाडली की तांब्यावरून झटका येतो आणि स्विचचं पोर्ट (वायर खोचायची जागा), कधी तुमच्या राउटरचंही, जळून जातं. फायबरला मधे कुठेच वीज लागत नाही. ऑपरेटरच्या कंट्रोल रूमपासून तुमच्या घरातल्या राउटरच्या डब्यापर्यंत नुसता प्रकाश आणि तो घरोघरी वाटणारे काचेचे स्प्लिटर. संपूर्ण गल्लीत लाइट गेले तरी डब्याला बॅटरी दिली की नेट चालतं.

कोॲक्सवरचं इंटरनेट काही ठिकाणी अजून मिळतं. दुसरा पर्याय नसेल तर चालेल, पण मोडेमचे आकडे बघून घ्या. बहुतेक मोडेमचं पान १९२.१६८.१००.१ वर उघडतं. येणारा सिग्नल उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) आत हवा, एसएनआर (खरखरीपेक्षा सिग्नल किती वर ते) ३३ डीबीच्या वर, आणि जाणारा सिग्नल साधारण ३५ ते ५० मध्ये. जाणारा ५० च्या वर गेला तर मोडेम ओरडून बोलतोय असं समजा. वाटेत कुठेतरी कनेक्टर गंजलाय किंवा जास्तीचा स्प्लिटर बसलाय. टीव्हीसाठी दोन वाटांचा स्प्लिटर लावला की साडेतीन डीबी जातात, चार वाटांचा लावला की सात. मोडेमची वायर पहिल्या स्प्लिटरवरूनच वेगळी काढून घ्यावी.

आता फायबर. ऑपरेटरला पहिला प्रश्न हा विचारा: जीपीऑन की ईपीऑन (एका काचेवरून अनेक घरांना नेट वाटायच्या या दोन पद्धती), आणि कंट्रोल रूममधल्या एका पोर्टवर किती घरं? जीपीऑनच्या एका पोर्टवर खाली येणारी क्षमता २.४८८ जीबीपीएस असते, ईपीऑनवर १.२५. दोन्हीवर ६४ घरं असली आणि सगळी एकदम ओढायला लागली तर पहिल्यात घरटी ३९ एमबीपीएस वाट्याला येतात, दुसऱ्यात १९ च्या आसपास, खरं तर त्याहून कमी. सगळे एकदम ओढत नाहीत, म्हणून गाडं चालतं. पण ३२ घरांचं पोर्ट मिळत असेल तर तेच मागा.

दुसरा प्रश्न डब्याबद्दल. फुकट मिळणारे बरेच डबे एकाच बँडचे असतात आणि त्यांचं लॅन पोर्टही १०० एमबीपीएसचंच असतं. त्यावर २०० चा प्लॅन घेऊन उपयोग नाही. वायरनंसुद्धा ९५ च्या वर आकडा जाणार नाही. गिगाबिट पोर्ट आणि २.४ व ५ गिगाहर्ट्झ दोन्ही असलेला डबा मागा, त्याचे वेगळे पैसे पडले तरी.

जोडणीच्या दिवशी एक आकडा लिहून ठेवा, बाकी काही नाही केलं तरी चालेल. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा (पत्ता आणि पासवर्ड डब्याच्या बुडाला छापलेला असतो), स्टेटसमध्ये पीऑन किंवा ऑप्टिकल नावाचं पान असतं, त्यात आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत किती प्रकाश पोहोचतो ते. इथं पहिल्या दिवशी उणे १९.४ डीबीएम होता (उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). हिशेब लावला तर बरोबर बसतो: कंट्रोल रूममधून अधिक ४ च्या आसपास निघतो, आठ वाटांचा स्प्लिटर साधारण साडेदहा डीबी खातो आणि असे दोन लागोपाठ असतात, दोन किलोमीटर काच पाऊण डीबी, बाकी जोड. उणे १५ ते उणे २३ असेल तर निर्धास्त राहा. उणे २५ ला सावध व्हा. उणे २७ ही डब्याच्या डोळ्याची हद्द. त्यापलीकडे कधी दिसतं, कधी नाही. आणि हे लक्षात असू द्या की दर तीन डीबीला प्रकाश निम्मा होतो.

उत्तरायणात नेमकं हेच घडलं. मांजानं फायबर सहसा कापली जात नाही, पोलादी तार असते. पण अडकलेले पतंग काढायला पोरं काटेरी झुडूप बांधलेला बांबू किंवा दगड बांधलेला दोरा वायरींवर टाकून ओढतात, आणि त्या ओढीत वायर ओटल्याच्या कोपऱ्यावरच्या क्लिपपाशी काटकोनात दुमडते. १६ जानेवारीला आकडा उणे २६.८. म्हणजे पूर्वीच्या प्रकाशाचा पाचवा हिस्साही पोहोचत नव्हता. मोबाइलवर पान उघडे, व्हिडिओ चाले, मग वारा सुटून वायर हलली की डब्यावरचा पीऑनचा (फायबरच्या सिग्नलचा) हिरवा दिवा लुकलुके आणि दोन मिनिटं सगळं ठप्प. फोनवर ऑपरेटरचं उत्तर एकच, ‘राउटर बंद करून चालू करा’. चालू केल्यावर खरंच पाच मिनिटं चालायचंही, त्यामुळे तक्रार बंद व्हायची. तिसऱ्या वेळी ‘नेट स्लो आहे’ असं न सांगता ‘आरएक्स उणे १९ वरून उणे २७ वर आलाय, ड्रॉप वायर दुमडली आहे’ असं सांगितलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनमन मीटर घेऊन आला.

त्याचं काम जवळून बघण्यासारखं होतं. आधी डब्यातून हिरवा कनेक्टर काढून त्यानं पॉवर मीटरला लावला, १४९० नॅनोमीटरवर (येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी) आकडा बघितला. मग लाल प्रकाशाचं पेन लावलं. ओटल्याच्या कोपऱ्यावर, क्लिपच्या खाली, काळ्या वेष्टणातून लालसर झाक दिसली. तिथे त्यानं वायर कापली, वेष्टण सोललं, काच स्पिरिटच्या कापडानं दोनदा पुसली, क्लीव्हरमध्ये (काच सरळ तोडायचं हत्यार) धरून कट्कन तोडली आणि फास्ट कनेक्टरमध्ये सरकवली. पहिल्यांदा उणे २३ आला. त्यानं पुन्हा कापून, पुन्हा पुसून बसवलं, तेव्हा उणे २०.१. पहिल्या आकड्यावर समाधान मानून निघून जाणारे बरेच असतात. तुम्ही आकडा मागा, तो मनापासून पुन्हा करतो.

दोन गोष्टी त्याच वेळी करून घ्याव्यात. वळणाचा फेरा चहाच्या बशीपेक्षा लहान नको. आणि भिंतीपाशी दोन-तीन मीटर वायर गुंडाळून ठेवायला सांगा. पुढच्या वेळी तुटली तर खांबापासून नवी ओढावी लागत नाही. हिरवा कनेक्टर हिरव्यातच जातो. निळा हिरव्यात बसतो खरा, पण टोकाचा कोन जुळत नाही आणि प्रकाश वाया जातो. घरी पॅचकॉर्ड (डब्याला जोडणारी छोटी फायबर वायर) बदललीत तर एवढं बघाच.

बिघाड ओळखायचा क्रम असा ठेवा. एलओएसचा लाल दिवा म्हणजे काच तुटलीय किंवा कनेक्टर निसटलाय. डबा बंद-चालू करण्यात वेळ घालवू नका, फोन करा. पीऑन लुकलुकतोय आणि लाल नाही म्हणजे प्रकाश अपुरा, किंवा ऑपरेटरनं डब्याची नोंद काढलीय. पीऑन स्थिर पण इंटरनेटचा दिवा विझलेला म्हणजे लॉगिन अडकलंय: मुदत संपली असेल, किंवा डबा बदलल्यावर जुना मॅक पत्ता (डब्याची ओळख) त्यांच्याकडे तसाच असेल. दुसरा राउटर वापरत असाल तर पीपीपीओईचं (ऑपरेटरच्या लॉगिनचं) नाव-पासवर्ड त्यात टाका आणि एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याचा आकार) १४९२ ठेवा, नाहीतर काही साइट उघडतात आणि बँकेची मात्र अर्धवट लटकते. सगळे दिवे ठीक आणि तरी मंद, तर लॅपटॉप वायरनं जोडून मोजा. वायरनं ठीक असेल तर दोष वायफायचा.

वायरनंही मंद आणि तेही फक्त रात्री नऊ ते अकरा असेल तर ती गर्दी ऑपरेटरच्या मुख्य लाइनवरची. इथं ती तक्रार मार्च ते मे राहिली, परीक्षा आणि क्रिकेटचे दिवस. हे सिद्ध करणं थोडं अवघड असतं. स्पीड टेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर निवडते, तो ऑपरेटरच्याच जाळ्यातला असला तर रात्री दहालाही ९४ दाखवतो. सर्व्हर हातानं बदलून मुंबईचा घ्या. यूट्यूबवरूनही अंदाज बांधू नका, कारण त्याचा साठा पुष्कळदा ऑपरेटरच्या किंवा त्याच्या वरच्या कंपनीच्या सर्व्हरवरच असतो. दुपारी आणि रात्री त्याच सर्व्हरवर तीन-तीन वेळा मोजून तारखेसह पाठवा. जूनमध्ये मुख्य लाइन वाढवल्यावर रात्रीचा आकडा २२ वरून ७० च्या पुढे गेला.

वायफायबद्दल थोडक्यात: दीड फुटी भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ मरतो, आणि २.४ वर शेजारच्या वीस घरांची गर्दी असते. २.४ ला चॅनेल १, ६ किंवा ११ यांतलाच, रुंदी २० मेगाहर्ट्झ. वरच्या मजल्यासाठी रिपीटर घेऊ नका, तो बहुधा वेग निम्मा करतो. कॅट-६ वायर जिन्यातून वर नेऊन जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला की झालं. त्याचं डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटायचं काम) तेवढं बंद करा.

वीज जाण्यावर मिनी यूपीएस पुरतो. डबा १२ व्होल्टवर साधारण ८ वॉट घेतो. यूपीएसवर छापलेले १०,००० एमएएच हे ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात, म्हणजे ३७ वॉट-तास. नुकसान धरून चार तास. खोक्यावर आठ तास लिहिलेलं असलं तरी चारच धरा.

ज्यांना दुकानातला कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डर) बाहेरून थेट आयपीवर बघायचाय, त्यांनी आधी विचारून घ्यावं. डब्यात वॅन पत्ता (बाहेरच्या बाजूचा आयपी) १०० पासून सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल तर तो पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी घरातल्या यंत्राकडे वळवणं) चालणार नाही. डीव्हीआरचं क्लाउड ॲप चालतं. नाहीतर स्थिर आयपी वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो.

तक्रार नेहमी कंपनीच्या केंद्रात नोंदवून डॉकेट (तक्रार) नंबर घ्या. लाइनमनला केलेला व्हॉट्सॲप काम लवकर करतो पण नोंद म्हणून उभा राहत नाही. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय (दूरसंचार नियामक) एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्र पाठवून थांबून राहू नका.

पावसानं काही बिघडलं नाही, एका अपवादाखेरीज: खांबावरच्या डबीचं झाकण उघडं राहिल्यानं जुलैत आकडा उणे २२ वर घसरला होता, झाकण टेप लावून बंद केल्यावर दोन दिवसांत परत आला. आता गणपती येतायत. मिरवणुकीत उंच मूर्ती जाताना वायरी बांबूनं उचलतात, म्हणून गल्लीवरची वायर आत्ताच हातभर वर बांधून घेतली आहे. ऑक्टोबरचं नूतनीकरण तीन महिन्यांचंच करणार आहे आणि जानेवारीचे पैसे महिन्याचे भरणार आहे, उत्तरायणानंतर आरएक्सचा आकडा बघून पुढचे सहा महिने.