शेती-रोबोटची इंटर्नशिप: स्टार्टअप की ट्रॅक्टर कंपनी?

हातात दोन ऑफर असतील, एक छोट्या स्टार्टअपची आणि एक मोठ्या कंपनीची, तर स्टायपेंडच्या आधी एवढं विचारा: मी असेन त्या महिन्यांत यंत्र शेतात उतरणार आहे का?

विदर्भ-मराठवाड्यातली कोरडवाहू रानं मे महिन्यात रिकामी असतात. कपाशीत तण माजतं ते पेरणीनंतर, जुलै-ऑगस्टात. त्यामुळे तण ओळखून फवारणारा रोबोट बनवणाऱ्या स्टार्टअपमध्ये उन्हाळ्यात गेलात, तर बराच वेळ गेल्या हंगामातल्या फोटोंवर पीक कुठलं, तण कुठलं याच्या खुणा करण्यात जाण्याची शक्यता मोठी. तीच संधी जुलै ते डिसेंबर मिळाली तर सोडू नका. आधी कपाशी, मग ऑक्टोबर छाटणीनंतर नाशिककडच्या द्राक्षबागांची फवारणी, असा सलग हंगाम पाहायला मिळतो.

आणि शिकायचं ते तिथेच आहे. यंत्र सेकंदाला १ मीटर चालतंय आणि कॅमेऱ्याला तण दिसल्यापासून नोझल उघडेपर्यंतचा ०.१ सेकंदाचा उशीर हिशेबात धरला नाही, तर फवारा १० सेंटिमीटर पुढे, कदाचित थेट पिकावर पडतो. काळ्या मातीचा चिखल चाकांना चढतो, पानांवरच्या सावल्या तण ओळखणाऱ्या एआय मॉडेलला फसवतात आणि बांधावरून शेतकरी विचारतो, “नोझल तुंबलं तर दुरुस्तीला कोण येणार?” या प्रश्नाचं उत्तर डिझाइनमध्येच शोधावं लागतं. माझ्या मते इंजिनिअर घडतो तो इथे.

जोखीमही खरी आहे. सफरचंदं तोडणारा रोबोट बनवणारी अमेरिकेतली अबंडंट रोबोटिक्स २०२१ मध्ये बंद पडली. म्हणून रोज मार्गदर्शन करणारा अनुभवी माणूस आहे का, हे आधी पाहा. तो नसेल तर तिथे जाऊ नका.

मोठ्या कंपनीत तुमच्या वाट्याला यंत्राचा लहानसा तुकडा येतो, पण शिस्त पक्की लागते: कॅन बस (यंत्राच्या भागांना एकमेकांशी जोडणारं संदेशांचं जाळं), आयएसओबस (ट्रॅक्टर आणि अवजारांमधल्या संवादाचं मानक), सुरक्षेची मानकं, टेस्ट बेंच (भाग तपासण्याची चाचणी-मांडणी). ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअरने २०१७ मध्ये ब्लू रिव्हर ही स्टार्टअप ३०.५ कोटी डॉलरला घेतली आणि तिच्या कामातून ‘सी अँड स्प्रे’ फवारणी यंत्रणा पुढे आली. जॉन डिअरचं तंत्रज्ञान केंद्र पुण्यात आहे. मात्र गोपनीयतेच्या करारामुळे अशा ठिकाणी केलेलं काम पुढच्या मुलाखतीत दाखवता येईलच असं नाही.

फक्त उन्हाळाच मोकळा असेल तर मोठी कंपनी घ्या, किंवा आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र या रोबोटिक्स उपक्रमाची उन्हाळी इंटर्नशिप पाहा. सहा महिने मिळत असतील आणि कंट्रोल (यंत्राची हालचाल नियंत्रित करणं) किंवा कॅमेऱ्यावरच्या कामाची ओढ असेल, तर स्टार्टअप. फक्त शेतावरचा प्रवास, मुक्काम आणि अपघात विमा कोण भरणार, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. काम फिरत्या पात्यांजवळ आणि औषधांच्या टाकीशेजारी असतं.