धुऱ्यावरच्या बाभळी: ट्रॅक्टर की जेसीबी?

शेताच्या धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) मनगटाएवढ्या जाड बाभळी-बोरी उपटायला घरचा ४५ एचपीचा ट्रॅक्टरच बरा. बुडाभोवतीची माती मोकळी करा, साखळी बांधा, लो गिअरमध्ये हळू ओढा. पण साखळी खालच्या ड्रॉबारलाच (ट्रॅक्टरच्या मागची, ओढायची दांडी)! वर टॉपलिंकच्या (अवजाराला वरून जोडणाऱ्या दांड्याच्या) जागी बांधली आणि बुंधा अडला, की पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर चालवणाऱ्यावरच उलटतो. ओढताना जवळ कोणालाही उभं राहू देऊ नका, साखळी तुटली तर जिवावर बेततं.

मांडीपेक्षा जाड झाडाला जेसीबीच बोलवावा. तो मुळं खोदून बुडासकट काढतो. भाडं तासावर असतं, म्हणून झाडांवर आधीच खुणा करून ठेवा. नंतर लाकडं वाहायला ट्रॅक्टर-ट्रॉली लागतेच.

काळी माती ओली असताना दोन्ही नको, उन्हाळ्यातच करा. सागवान किंवा मोह असेल तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी आधी घ्या.