मागचे ब्रेक पॅड अवेळी का संपले: फोंड्यातील एका गॅरेजचा अनुभव

आमच्या सात आसनी गाडीच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी डिस्क दोन्हीकडून पॅड दाबून थांबवली जाते. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे येत असल्यामुळे एरवी पुढचे पॅड आधी झिजतात. आमचे मात्र 24 हजार किलोमीटरवर मागचे संपले, तेव्हा पुढचे निम्म्याहून अधिक शिल्लक होते. अधिकृत सर्व्हिस सेंटरने पॅड बदलले, झीज वॉरंटीत बसत नाही म्हणून पूर्ण पैसे घेतले आणि हल्लीच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मागच्या ब्रेकांकडून जास्त काम करून घेते, असे कारण सांगितले. ते खोटे नाही. पण तेवढेच कारण असते तर दोन्ही बाजूंचे पॅड सारखे झिजले असते, आणि आमच्या मागच्या डाव्या चाकाची रिम झिजणाऱ्या पॅडच्या भुकटीने उजव्यापेक्षा कायम काळी पडते हे दर रविवारी गाडी धुणाऱ्या माझ्या मुलालाही ठाऊक होते.

पुढे नऊ हजार किलोमीटरच झाले असतील, फर्मागुढीच्या उतारावर पॅड संपल्याचा तोच करकर आवाज पुन्हा आला. या वेळी गाडी फोंड्यातल्या एका लहानशा गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रींनी पॅडला हात लावण्याआधी गाडी जॅकवर घेतली, हँडब्रेक सोडला आणि मागची चाके हाताने फिरवून पाहिली. उजवे सहज फिरले. डावे अर्ध्या फेऱ्यातच अडले. कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, उघडल्यावर खालच्या स्लाइड पिनचे रबरी बूट, म्हणजे पिनेवरचे आवरण, फाटलेले दिसले. पावसाचे पाणी आत जाऊन ग्रीस धुऊन निघाले होते आणि पिनवर तांबूस गंज चढला होता. कॅलिपर या पिनांवर मोकळा सरकला तरच दोन्ही पॅड डिस्कला सारखे लागतात आणि पाय उचलल्यावर सुटतात. एक पिन अडकली, तर पॅड तिरका झिजत राहतो. आमचा आतला पॅड एका टोकाला जेमतेम 2 मिलिमीटर उरला होता, बाहेरचा मात्र 7. ‘पॅड बदलून काय होणार, दोष पिनेत आहे,’ एवढेच ते म्हणाले.

त्यांनी पिना काढून घासून साफ केल्या, बूट नवे बसवले आणि सिलिकॉन ग्रीस लावले, कारण साध्या ग्रीसने रबर फुगते आणि पिन पुन्हा जाम होते. उजव्या चाकाच्या पिनाही न सांगता उघडून पाहिल्या. दोन्ही बाजूंना नवे पॅड घातले. गोव्यातला पाऊस आणि किनाऱ्यावरची खारी हवा लक्षात घेता दर पावसाळ्यानंतर या पिना साफ करून घ्याव्यात, असा त्यांचा सल्ला आहे. सर्व्हिस सेंटरने पॅड बदलताना कॅलिपर हलवलाच असणार. तेव्हाच पिन हाताने सरकवून पाहिली असती तर माझा दुसरा खर्च वाचला असता.

गॅरेजच्या उणिवाही सांगायला हव्यात. बसायला एकच बाक आहे, बिल हाताने लिहून मिळते आणि इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाडीचे मागचे पॅड ते बदलत नाहीत, कारण पॅडला ढकलणारा पिस्टन मागे घेण्यासाठी लागणारा स्कॅनर त्यांच्याकडे नाही. हे मात्र ते आधीच सांगतात.

या कामाला 12 हजार किलोमीटर झाले. मागच्या आठवड्यात त्यांनीच चाके काढून पाहिली, तेव्हा डाव्या चाकाचे आतले आणि बाहेरचे पॅड सारखेच जाड होते. रिमही आता दोन्ही सारख्याच मळतात.