बॅटलशिप की विनाशिका : वादात कुठली बाजू घ्यावी?

पुतण्याच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे. विषय : ‘बॅटलशिपचे दिवस संपले का?’ बाजू ज्याची त्याने निवडायची. "काका, कुठली घेऊ?" म्हणून त्याचा फोन आला. त्याला सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी शब्दाचा घोळ. आपल्या बातम्यांत कॉर्व्हेट या छोट्या जहाजापासून विमानवाहू जहाजापर्यंत सगळ्या ‘युद्धनौका’च. बॅटलशिप ही त्यातली एकच जात : अजस्र तोफा आणि फूटभर जाडीचं पोलादी चिलखत. आज कुठल्याही नौदलात ती सेवेत नाही. शेवटची अमेरिकेची ‘मिसुरी’, मार्च १९९२ मध्ये निवृत्त झाली. आता पर्ल हार्बरला संग्रहालय म्हणून उभी आहे.

तिच्यासमोर गोव्याच्या बंदराचं नाव घेतलेली, माझगाव डॉकमध्ये बांधलेली आपली ‘आयएनएस मोरमुगाओ’ ठेवू. ती विनाशिका, म्हणजे डिस्ट्रॉयर : हलकी, वेगवान, मुख्यतः क्षेपणास्त्रांवर भिस्त असलेली युद्धनौका. मिसुरी ५७ हजार टनांच्या आसपास, मोरमुगाओ ७,४०० टन. मिसुरीवर १६ इंची नऊ तोफा, सव्वा टनाचा गोळा ३८ किलोमीटरवर टाकणाऱ्या. मोरमुगाओवर ७६ मिलिमीटरची एक मुख्य तोफ, गोळा साधारण सहा किलोचा. पण तिच्यावर १६ ब्राह्मोस क्षेपणास्त्रंही आहेत, आणि ब्राह्मोसचा पल्ला सुरुवातीपासूनच २९० किलोमीटर. ३८ किलोमीटरच्या टप्प्यात येईपर्यंत बॅटलशिपला कोण जगू देणार?

खरी मेख मला इथे दिसते. मोठ्या तोफेचा धक्का सोसायला मोठं जहाजच लागायचं. क्षेपणास्त्राने ती अट काढून टाकली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीजवळ आपल्या ‘निर्घात’ या क्षेपणास्त्र-बोटीने पाकिस्तानची विनाशिका ‘खैबर’ बुडवली, तेव्हा निर्घात ही अडीचशे टनांहूनही लहान बोट होती.

माणसांचा हिशेबही बघावा. मोरमुगाओवर तीनेकशे, मिसुरीवर १९८० च्या दशकातही दीड हजारावर. त्या तोफांना अख्खं काडतूस नसतं. आधी गोळा आत ढकलायचा, मागून दारूच्या रेशमी पिशव्या, पूर्ण भाराला सहा, प्रत्येकी पन्नासेक किलोची. १९ एप्रिल १९८९ रोजी मिसुरीची बहीण ‘आयोवा’वर हे भरताना स्फोट झाला आणि ४७ नौसैनिक गेले.

तरीही दुसरी बाजू अगदीच लंगडी नाही. १९९१ च्या आखाती युद्धात कुवेतच्या फैलाका बेटावरच्या इराकी सैनिकांनी ‘विस्कॉन्सिन’ या मिसुरीच्याच दुसऱ्या बहिणीचं टेहळणी ड्रोन बघूनच शरणागतीची पांढरी फडकी हलवली, ड्रोन डोक्यावर आलं की मागून गोळे येतात हे त्यांना पाठ झालं होतं. शिवाय गोळा क्षेपणास्त्रापेक्षा स्वस्त, आणि एका जहाजावर हजारावर मावतात. विनाशिकेची क्षेपणास्त्रं संपली की भरायला बहुधा बंदर गाठावं लागतं. समोरच्याने हा मुद्दा काढला तर तो बोचणार.

उत्तर ‘झुमवाल्ट’मध्ये आहे. किनाऱ्यावर दूरवर मारा करायला अमेरिकेने या विनाशिकेसाठी खास तोफ बनवली. जहाजांची संख्या घटली तशी एकेका गोळ्याची किंमत आठ लाख डॉलरच्या घरात गेली, आणि खरेदीच थांबली. साधा गोळा स्वस्त आहे खरा, पण तो डागायला शत्रूच्या क्षेपणास्त्रांच्या तोंडात जावं लागतं.

तेव्हा ‘दिवस संपले’ हीच बाजू घे, असं त्याला सांगितलं. फक्त दुसऱ्या महायुद्धात विमानांनी बुडवलेल्या जपानी बॅटलशिप ‘यामाटो’ने सुरुवात नको, ती सगळेच आणतील. सुरुवात २५ फेब्रुवारी १९९१ ने कर. त्या दिवशी इराकने मिसुरीच्या रोखाने सिल्कवर्म क्षेपणास्त्र सोडलं. ते पाडलं शेजारून चाललेल्या ‘ग्लॉस्टर’ने, आणि ग्लॉस्टर होती ब्रिटिशांची विनाशिका.